मुस्लिम मुलाशी लग्न करण्यासाठी धर्म बदलावा लागतो का, आणि घरी केव्हा सांगावे?

धर्म बदलावा लागत नाही. विशेष विवाह अधिनियम, १९५४ अन्वये दोघांना आपापल्या धर्मात राहून लग्न करता येते. उलट, हिंदू मुलीने धर्म न बदलता नुसता निकाह लावला तर तो अनियमित ठरतो आणि तिला नवऱ्याच्या मिळकतीत वारसा मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

घरी केव्हा सांगावे, हे मात्र मी चूक करून शिकले. २००९ मध्ये आम्ही इंदूरच्या कलेक्टर कचेरीत या कायद्याखाली लग्नाची नोटीस दिली, तेव्हा लग्नाआधी तीस दिवसांची मुदत आहे, तेवढ्यात बाबांची समजूत घालू, असे माझ्या मनात होते. परंतु ती नोटीस कचेरीच्या फलकावर लागते, आणि नवव्याच दिवशी रामबागेतल्या एका परिचितांनी ती वाचून बाबांना दूध घेताना गाठले. बाबा रिकामी किटली घेऊन घरी आले, ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "हे मला लोकांकडून कळावं?" लग्नाला त्यांचा विरोध होताच, पण पुढे अखेरपर्यंत त्यांनी बोलून दाखवले ते एवढेच. म्हणून नोटिशीवर सही करण्याआधी आईवडिलांना स्वतः सांगावे, असे माझे ठाम मत आहे. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आमच्याकडे दोनच होते, तिसरी सही आत्याने बाबांना न विचारता केली.

बाबा गेल्यावर तेराव्याच्या दिवशी दादा म्हणाला, "तू धर्माबाहेर गेलीस, या घरात तुझा वाटा उरला नाही." हे साफ खोटे आहे. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे अशा लग्नाने हिंदू व्यक्ती अविभक्त कुटुंबातून विभक्त होते, तिचा वारसाहक्क जात नाही; फक्त तिच्या स्वतःच्या मिळकतीचा वारसा पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाने ठरतो. दादाला हे मी कलम दाखवून सांगितले होते, त्याने अजूनही मान्य केलेले नाही.

घरून जिवाला धोका असेल तर मात्र माझा सल्ला मानू नये, आधी सुरक्षित जागी जावे. शिवाय आमच्या वेळी मध्य प्रदेशात २०२१ चा धर्मस्वातंत्र्य कायदा नव्हता. आता धर्म बदलायचाच असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना ६० दिवस आधी कळवण्याची अट त्यात आहे आणि तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. हिंदू मुलगी आणि मुस्लिम मुलगा यांचे विशेष विवाह कायद्याने झालेले लग्नही मुस्लिम वैयक्तिक कायद्यानुसार वैध ठरत नाही, असे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने मे २०२४ च्या एका आदेशात म्हटले आहे. वकिलांना भेटाल तेव्हा तो आदेश त्यांच्यापुढे ठेवून मगच तारीख ठरवा.