दुसरा गाल आणि आठवीतला मुलगा

"ताई, सूड घ्यायचा नाही हे मी त्याला लहानपणापासून शिकवलंय. पण आता तो शाळेतच जात नाही," आई म्हणाली. नगरचं कुटुंब, आजोबांपासून ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये. मुलगा आठवीत. वर्गातली चार मुलं त्याला टपल्या मारत आणि तो रडला की फोटो काढून ग्रुपवर टाकत. घरी सांगितलं तर उत्तर मिळालं, दुसरा गाल पुढे कर, प्रार्थना कर.

आई बाहेर गेल्यावर त्याने विचारलं, "मी मार खाल्लेला देवाला आवडतो का?"

ज्यांचं मुलावर प्रेम आहे त्यांच्याच तोंडून हे वचन त्याच्यावर लादलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. बायबलमधल्या मत्तय 5:39 मध्ये 'उजवा' गाल म्हटलंय. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा करावा लागतो. मी त्याला हवेत करून बघायला लावलं. ही पायरी दाखवणारी चपराक. यहुद्यांच्या मिश्नात, म्हणजे त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात, साध्या थपडेला 200 झूझ (चांदीची नाणी) दंड आहे, उलट्या हाताच्या थपडेला 400. दुसरा गाल पुढे करणारा म्हणतो, तुझ्या मारण्याने मी लहान झालो नाही. सगळे अभ्यासक हा अर्थ मानत नाहीत, पण योहान 18 वाचलं की मला तो पटतो. शिपायाने चपराक मारली तेव्हा प्रभू येशूने उलट हात उचलला नाही, पण 'मला का मारतोस?' असं त्याला तोंडावर विचारलं.

मत्तय 18 सांगतं, भावाने तुझा अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल, मग एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. इथे पहिली पायरी मी वगळायला सांगितली. चौघांपुढे एकट्या पोराला पाठवायचं नाही. आईने तारखांसह स्क्रीनशॉट काढले, मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन पोच घेतली. 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मुलाने स्वतः वहीत लिहिला.

"पण माफ कधी करणार तो?" आईचा जीव तिथेच अडकलेला. मी म्हटलं, आधी मार थांबू दे.

थांबायला तीन आठवडे लागले. नंतर एकदा त्यानेच विषय काढला. "तिघांना केलं माफ. फोटो काढणाऱ्याला नाही अजून."

मी आईकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली, "होईल तेव्हा होईल."