पुलाचा गाळा की पुलाची कमान?

ठाण्याहून आलेला प्रश्न असा: जौनपूरच्या शाही पुलाबद्दल मराठीत वाचताना ‘पुलाचे गाळे’ असं आढळलं. गाळा तर वागळे इस्टेटच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याने मिळतो; इथे ‘कमानी’ हवं होतं का?

शब्द दोन्ही बरोबर, पण वस्तू वेगळ्या. दोन आधारांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. आधार भिंतींचे असले की तिथे लेथ बसतं, नाहीतर वाशीच्या घाऊक बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागते. खांबांचे असले की पाणी वाहतं. कमान म्हणजे त्या जागेवर दगडांनी घेतलेला बाक. म्हणून वाशीच्या खाडीपुलाला गाळे आहेत, कमानी नाहीत.

गोमतीवरचा शाही पूल अकबराच्या काळात मुनीम खानाने बांधवला, १५६८-६९च्या सुमारास तो पुरा झाला. आज तो उत्तर प्रदेशाच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे. १९३४च्या भूकंपानंतर त्याच्या सात कमानी नव्याने बांधाव्या लागल्या. इथे ‘सात गाळे बांधले’ कानाला खटकतं, कारण बांधतात ती कमान. गाळा खाली आपोआप उरतो. (‘पुरात दोन गाळे गेले’ असं बोलतात, तेव्हा गाळ्यावरचा भाग गेला असं समजायचं. ते चालतं.)

मोजमापात मात्र ढिलाई नको. गाळ्याची रुंदी एका खांबाच्या आतल्या कडेपासून समोरच्या खांबाच्या आतल्या कडेपर्यंत घ्यायची. मध्यापासून मध्यापर्यंत टेप धरलात तर खांबाची जाडीही तीत येते, आणि जुन्या दगडी पुलांचे खांब चांगलेच जाड असतात. समजा गाळा ६ मीटर, खांब ४ मीटर. दहा गाळ्यांत पाण्याला वाट ६० मीटरच, पण हिशेबात १०० लागते. उरलेली नदी खांबांनी खाल्लेली असते. म्हणूनच पुराचं पाणी पुलाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूला, फुगतं, गाळ्यांतून जोराने घुसतं आणि खांबाच्या बुडाची माती उकरतं. पात्रातले खांब गाळ्यांपेक्षा एकाने कमी भरतात, काठावरचे दोन टेकू वेगळे.

लिहिताना ‘य’ सांभाळा. गाळा–गाळ्यात, पण चिखलाचा गाळ–गाळात. ‘ओंडके पुलाच्या गाळात अडकले’ म्हटलं की ते चिखलात रुतले! आणि ‘खण’ घराला किंवा कपाटाला. पुलाला ‘दहा गाळ्यांचा’ असंच म्हणावं.