अंतस्त्वचीय : त्वचेत की त्वचेखाली?

खानापूरच्या एका ताईंनी विचारलं आहे : कुत्रं चावल्यावर मुलाला लस दिली, तिच्या कागदावर 'अंतस्त्वचीय, ०.१ मिली, दोन जागी' असं लिहिलंय. म्हणजे कातडीखाली द्यायची सुई का?

नाही ताई, कातडीखाली नव्हे, कातडीतच. 'अंतर्' म्हणजे आत. पुढे 'त्वचा' आली की र् चा स् होतो. कातडीखालच्या चरबीत देतात ती 'अधस्त्वचीय', जशी इन्सुलिनची. अंतस् आणि अधस्! घाईत वाचताना, त्यात छपाई पुसट असेल तर, एकाच्या जागी दुसरा सहज वाचला जाईल. औषधाच्या कागदावर असे जुळे शब्द नसावेत, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बेळगावकडे 'सुई मारली' एवढ्यावर भागतं, कन्नडातही सूजीच. पण दवाखान्यातल्या कन्नड सिस्टरला विचारा, ती 'चर्मदोळगे' म्हणेल. 'ओळगे' म्हणजे आत, 'केळगे' म्हणजे खाली. रोजच्या बोलण्यातले शब्द, घोटाळ्याला जागाच नाही. मराठीतही 'त्वचेत' आणि 'त्वचेखाली' लिहिलं तर काय बिघडतं?

हा फरक डोळ्यांना दिसतोसुद्धा. त्वचेत देताना सुई जवळजवळ आडवी धरतात, १० ते १५ अंशांत, आणि औषध शिरताच तिथे गांध उठते, संत्र्याच्या सालीसारखी बारीक खळ्यांची. (गांधी उठणं आपण पित्तासाठी म्हणतो, इथेही तोच शब्द चपखल बसतो.) रेबीजच्या लशीत गांध उठली नाही तर औषध खाली उतरलं असं धरून तो डोस दुसऱ्या जागी पुन्हा देतात. त्वचेत प्रतिकाराच्या पेशी दाट असतात, म्हणून ०.१ मिली पुरते. दंडाच्या स्नायूत द्यायची तर एका वेळी अख्खी कुपी लागते. बाळाच्या डाव्या दंडावरची बीसीजी त्वचेतलीच. क्षयासाठी हातावर करतात ती माँटू चाचणीही तशीच, तिची गाठ ४८ ते ७२ तासांनी मोजतात.

बेळगावातल्या टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो मैदान इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे देवीची लस बनायची. तीही कातडीच्या वरच्या थरातच टोचत, आणि जुनी माणसं त्याला 'देवी काढणं' म्हणत.