‘छाया सिनेटर’ हा शब्द बरोबर आहे का?

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन डी. सी.बद्दलच्या बातमीत ‘छाया सिनेटर’ वाचून एकांनी विचारलं आहे, की ‘छाया मंत्रिमंडळा’तली छाया ती हीच का?

मला वाटतं, नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘शॅडो’ असलं तरी छाया मंत्री हा विरोधी पक्षातला, प्रत्यक्ष मंत्र्याच्या कारभारावर नजर ठेवणारा असतो. मनसेनं २०२० मध्ये ‘शॅडो कॅबिनेट’ जाहीर केलं, तेव्हाही हाच अर्थ अभिप्रेत होता. डी. सी.च्या सिनेटरचं तसं नाही. तो कुणावर नजर ठेवत नाही. मुळात डी. सी. हे राज्यच नसल्यामुळे सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, त्याला जागा नाही. तरीही तिथले मतदार १९९० पासून दोन सिनेटर निवडतात आणि राज्याच्या दर्जासाठी काँग्रेसमध्ये (अमेरिकी संसदेत) पाठपुरावा करण्याचं काम त्यांच्याकडे असतं. पहिल्या खेपेला जेसी जॅक्सन आणि फ्लॉरेन्स पेंडलटन निवडून आले होते. २०२०च्या जनगणनेत जवळपास ६ लाख ९० हजार वस्ती, म्हणजे वायोमिंग या राज्याहून जास्त, आणि तरी ही अवस्था!

मग शब्द कोणता घ्यावा? ‘प्रतिसिनेटर’ नको, साताऱ्याच्या प्रतिसरकारामुळे ‘प्रति’ला समांतर सत्तेचा वास आहे. ‘अभिरूप’ तर मुळीच नको, कारण अभिरूप न्यायालय हा सराव असतो आणि ही निवडणूक खरी असते. ‘नियोजित’ जवळचा आहे, पण संमेलनाच्या नियोजित अध्यक्षांना संमेलनाची तारीख ठाऊक असते; डी. सी.च्या सिनेटरला सिनेटमध्ये कधी बसायला मिळेल ते ठाऊक नसतं.

मराठीत ‘बिनखात्याचा मंत्री’ रुळलेला आहे. त्याच घडणीचा ‘बिनसदनाचा सिनेटर’ मला सर्वांत चपखल वाटतो. ‘बिनखुर्चीचा’ का नाही? १७९६ मध्ये टेनेसीनं राज्य होण्याआधीच विल्यम ब्लाउंट आणि विल्यम कॉक यांना सिनेटर म्हणून पाठवलं. सिनेटनं त्यांना खुर्च्या दिल्या, पण प्रेक्षक म्हणून! १ जूनला राज्य झाल्यावर दोघांना पुन्हा निवडून यावं लागलं. म्हणजे खुर्ची मिळूनही सदस्यत्व नव्हतंच. अलास्कानं १९५६ मध्ये हीच वाट धरली आणि १९५९च्या जानेवारीत ते राज्य झालं.

एक गल्लत मात्र टाळा. १९९० मध्येच डी. सी.तून निवडून आलेल्या एलिनॉर होम्स नॉर्टन या ‘छाया’ नव्हेत. त्या कनिष्ठ सभागृहात रीतसर गेल्या, समितीत मत देऊ शकल्या. विधेयकावरच्या अंतिम मतदानाचा हक्क तेवढा नव्हता. त्या पदाला ‘मताधिकाराविना प्रतिनिधी’ म्हणावं.