उरलेला अर्धा कोन

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी बत्तीस पानं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं: गुरुत्वाकर्षण ही ओढ नव्हे. वस्तुमानाजवळ काळ मंदावतो, त्यामुळे तिथे प्रकाशही मंदावतो, आणि जिकडे काळ संथ तिकडे सगळं झुकतं. अवकाश वक्र मानायची गरजच नाही. यावरून कुणी तुला वेड्यात काढलं असेल तर मनाला लावून घेऊ नकोस. १९११ साली खुद्द आइन्स्टाइन याच वाटेवर होता. प्रकाशाचा वेग गुरुत्वीय विभवाप्रमाणे (म्हणजे त्या जागी गुरुत्वाचा खड्डा किती खोल आहे त्याप्रमाणे) बदलतो असं धरून, सूर्याला चाटून जाणारा किरण किती वळेल ते त्याने काढलं. उत्तर आलं ०.८३ विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग.

आता तुझं पान ११ काढ. ‘यावरून प्रकाश वळतो हे सिद्ध होते’ एवढं लिहून तू पुढे गेलास. किती वळतो? तो आकडा बत्तीस पानांत कुठेच नाही, आणि मला हळहळ वाटली ती त्याचीच, कारण तो काढायला पाव पान पुरतं. गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान, भागिले सूर्याची त्रिज्या, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. येतात २.१२ दशलक्षांश. तुझ्या गृहीतकाप्रमाणे वळण याच्या दुप्पट, म्हणजे ४.२४ दशलक्षांश रेडियन. रेडियन हे कोनाचंच दुसरं माप; एका रेडियनमध्ये २,०६,२६५ विकला. गुणाकार ०.८७. आइन्स्टाइनने आकडे ढोबळ धरले होते, फरक तेवढाच.

आणि आकाश सांगतं १.७५. बरोबर दुप्पट.

१९१४ च्या ग्रहणात हा कोन मोजायला एक मोहीम क्रिमियाला गेली होती. महायुद्ध पेटलं आणि मोजमाप राहून गेलं. झालं असतं तर आइन्स्टाइनचा आकडा तेव्हाच खोटा ठरला असता. पुढच्याच वर्षी त्याने आपलं जुनं गणित स्वतः मोडलं आणि दुप्पट कोन सांगितला. २९ मे १९१९ च्या ग्रहणातली प्रिन्सिपे (आफ्रिकेजवळचं बेट) आणि सोब्राल (ब्राझील) इथली मोजमापं या नव्या आकड्याच्या बाजूने गेली. त्यांत अनिश्चितता बरीच होती, पण पुढे रेडिओ दुर्बिणींनी शंकेला जागा ठेवली नाही.

मग तुझी कल्पना टाकून द्यायची? नाही. झाडावरून पडणाऱ्या फळापुरती ती जवळजवळ पूर्ण बरोबर आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तेवढ्यात फळ पाचेक मीटर पडतं. त्याचा सगळा प्रवास जणू काळातूनच चाललेला असतो, म्हणून त्याला काळाचा उतार तेवढा जाणवतो. प्रकाश अवकाशातूनही तितक्याच जोराने धावतो, म्हणून त्याला अवकाशाचाही उतार लागतो. तुझा हरवलेला अर्धा कोन तिथला आहे.

पान १९ वर ‘प्रकाशाचा वेग स्थिर नाही’ असं ठळक अक्षरांत आहे. कुणाच्या घड्याळाने, कुणाच्या मोजपट्टीने? १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावर बेतलेली आहे. सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हा आकडा आता मोजला जात नाही, ठरवलेला आहे. सूर्याजवळ बसून मोजणाऱ्यालाही हाच वेग दिसेल. मात्र पृथ्वीवरच्या घड्याळाने पाहिलं तर सूर्याजवळून जाणारा प्रकाश खरोखरच रेंगाळतो. १९६४ साली शपिरो या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने हे मोजायचा मार्ग सुचवला: सूर्यापलीकडच्या बुध-शुक्रावर रडारचा संदेश आपटवायचा आणि प्रतिध्वनीची वाट पाहायची. तो सुमारे २०० मायक्रोसेकंद उशिरा येतो. त्या उशिरातही काळाचा वाटा निम्माच. तेव्हा हे वाक्य खोडू नकोस, पण ‘दुरून पाहणाऱ्याला’ हे दोन शब्द त्यात घाल. ‘आइन्स्टाइन चुकला’ हे मात्र खोड. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि जयंत नारळीकरांनी १९६४ मध्ये गुरुत्वाचा वेगळा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यातून आइन्स्टाइनची समीकरणं कोणत्या परिस्थितीत निघतात तेही दाखवलं. वेगळं बोलणाऱ्याने आधी एवढं करावंच लागतं.

तुझ्या वाटेवरून आणखी एक जण चालून गेला आहे. १९५७ साली डिकी या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाशाचा बदलता अपवर्तनांक (काच किंवा पाणी प्रकाशाला किती मंदावतं ते सांगणारा आकडा) असं मांडलं. घड्याळं मंदावतात एवढ्यावर तो थांबला नाही, मोजपट्ट्याही आखडतात असं त्याने धरलं, आणि उरलेला अर्धा कोन हाती आला. तुलाही ते करता येईल. फक्त तो दोनचा गुणक तुझ्या मांडणीतून आपोआप निघाला की उत्तर माहीत होतं म्हणून हाताने घातला, हे समासात प्रामाणिकपणे लिही. मग त्याच सूत्राने बुधाची कक्षा शतकाला ४३ विकला जास्त का सरकते ते काढ.

हे जमलं की खरा अवघड प्रश्न समोर येईल, आणि मला तुझ्याकडून त्याचंच उत्तर हवं आहे. मोजपट्ट्या आखडतात असं म्हणणं आणि अवकाश वक्र आहे असं म्हणणं, यांतला फरक दाखवणारा एक तरी प्रयोग तुला सुचतो का? नवं पान ११ पाठवशील तेव्हा तो सोबत लिही. अर्धवट सुचला असला तरी चालेल.

तुझा,
सर