मोठा जिताडा सोडायचा की शिजवायचा?

प्रश्न: सर नमस्कार, आम्ही चौघं मित्र सुट्टी मिळाली की पुण्याहून दाभोळ खाडीवर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जातो. आमचा नियम साधा, लहान मासा सोडायचा आणि मोठा न्यायचा. मागच्या वेळी 9 किलोचा जिताडा लागला आणि आमच्यातल्या एकाने हट्ट करून तोच सोडायला लावला, बाकीचे अजून त्याला शिव्या घालतायत. बरोबर कोण? – एक वाचक, पुणे

उत्तर: हट्ट करणाऱ्याला माझ्यातर्फे एक कटिंग पाजा. अहो जिताडा बहुतेक वेळा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी, साधारण 85 ते 100 सेंटिमीटरच्या आसपास पोचला की मादी होतो, म्हणजे तुमचा 9 किलोवाला बहुतेक ‘तो’ नव्हताच, ती होती, आणि अशी एक मादी एका विणीला लाखांनी अंडी टाकते. पावसाळ्याच्या सुमाराला ह्या माद्या खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात उतरतात, अंडी तिथे पडतात, मग पिल्लं भरतीबरोबर कांदळवनात आणि खाजणात शिरतात, रायगडात तळ्यात जिताडे पाळायचे ना, त्यांची पिल्लं पूर्वी अशी खाडीतूनच यायची. आता सगळ्यांनी मोठेच उचलले तर खाडीत नुसते नर उरणार, अंडी घालणार कोण?

लहान सोडता ते चांगलंच आहे, ते चालू ठेवा. महाराष्ट्राने 2023 मधे 54 जातींची किमान मापं ठरवून दिलीत, सुरमई 37 सेंटिमीटरच्या खालची धरू नये वगैरे. नियम करताना डोळ्यासमोर ट्रॉलर आणि बाजार असणार, पण म्हणून छंदवाल्यांनी पळवाट शोधू नये असं माझं मत. फक्त ही सगळी खालची मापं आहेत, वरचं माप नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला हाच जिताडा 58 सेंटिमीटरखालचा पण सोडावा लागतो आणि 120 च्या वरचा पण. मधला न्या, खायलाही मधलाच छान लागतो.

आणि सोडणार असाल तर नीट सोडा हो! जबड्याला ग्रिपर लावून 9 किलोचं धूड उभं टांगायचं, फोटो, मग दुसऱ्याच्या हातात, परत फोटो... सगळं वजन त्या जबड्यावर आणि मणक्यावर येतं. हात ओले करा, एक हात पोटाखाली घ्या, तापलेल्या कातळावर अजिबात ठेवू नका कारण अंगावरचा बुळबुळीत थर गेला की जखमा चिघळतात. गरीच्या (गळाच्या आकड्याच्या) टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, सुटायला सोपं जातं.

प्रश्न: दादा, बोटीतून 15 वाव (सुमारे 27 मीटर) खोल पाण्यात हेकरू मासे लागतात. छोटे सोडतो पण ते पोट वर करून तरंगतात, तोंडातून फुगा बाहेर आलेला असतो. काहीजण तो फुगा टाचणीने फोडतात. फोडावा का? – एक वाचक, मालवण

उत्तर: नको रे बाबा! तो फुगा नाही, जठर आहे त्याचं. खालून झपकन वर आणल्यावर दाब कमी होतो, आतल्या वाताशयातली (माशाला तरंगत ठेवणाऱ्या हवेच्या पिशवीतली) हवा फुगते आणि जठराला तोंडातून बाहेर ढकलते, ते फोडलंस म्हणजे पोटालाच भोक पाडलंस. आणि त्याला खाली जाता येत नाही म्हणून तो वर तरंगतो, मग घारी आहेतच. त्यापेक्षा एका तंगुसाला (गळाच्या दोरीला) जड शिसं बांध, काटा दाबलेली गरी उलटी लाव, म्हणजे टोक खाली येईल अशी, ती ओठात हलकीच अडकव आणि मासा तळाकडे सोड. खाली पोचला की एक झटका दे, गरी सुटते. खाली दाब वाढला की हवा परत आकसते आणि तो पोहायला लागतो. पटापट कर मात्र, बोटीत पाच मिनिटं पडलेला हेकरू खाली सोडून फारसा उपयोग नाही.

तरी सगळे जगतात असं नाही. म्हणून दोन छोटे लागले की ती जागाच सोड, एवढ्या खोलातनं मासे काढून सोडत बसणं हा टाइमपास नाही. (हेकरूचं जिताड्याच्या बरोब्बर उलटं, आधी मादी आणि मोठा झाल्यावर नर! त्यामुळे तिथेही सगळे थोराड उचलू नका.)

प्रश्न: जेट्टीवर गरवताना शिंगाळे मासेच जास्त लागतात, आमिष फुकट जातं, त्यांचा काटाही हातात बसतो. लोक वैतागून ते कातळावर आपटतात. चालतं का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: चालत नाही. एखादा शिंगाळा वर काढल्यावर तोंडातून गोट्यांएवढे पिवळसर गोळे टपटप पडतात ते बघितलेत कधी? ती अंडी. शिंगाळ्यातला बाप अंडी तोंडात धरून फिरतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत, आणि तोपर्यंत धड खातही नाही. अंडी मुळात मोजकीच असतात त्यामुळे असा एक बाप आपटला की आख्खी वीण गेली. पर्शिननेटवाल्यांनी (थव्याभोवती मोठं जाळं घालून तो घेरणाऱ्यांनी) अंड्यांसकट शिंगाळ्यांचे थवेच्या थवे काढले तेव्हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ह्या जाती कशा पार खाली गेल्या हे जुन्या मच्छीमारांना विचारा. काट्याचं म्हणाल तर पाठीवर एक आणि बाजूला दोन असे तीन काटे सांभाळायचे, लांब पकडीने गरी धरून पाण्यावरच उलटी फिरवली की मासा आपोआप गळून पडतो, हात लावायचीही गरज नाही. गरी खोल गिळली असेल तर ओढाताण न करता तंगूस तोंडाजवळ कापा. आणि कापलेला तुकडा खिशात घाला, जेट्टीवर टाकू नका.