शिनोळीच्या अलीकडं, पलीकडं

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय बाळ,

परवा तुझी आई मंडईत भेटली. म्हणाली, उद्यमबागेतल्या जर्मन कंपनीनं पोरीला एचआरमध्ये घेतलंय, तीन देशांतली माणसं तिच्या एक्सेलमध्ये आहेत, तुम्हीच सांगा की काहीतरी. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

एमबीएत तुला पर्लमटर शिकवला असेल, अनेक देशांत पसरलेल्या कंपन्यांचे प्रकार पाडणारा. काही कंपन्या मुख्यालयाच्या तोंडाकडं बघून चालतात, काही ज्या त्या देशाच्या कलानं, तर काही साऱ्या जगाला एकच घर मानून. 1969 ची मांडणी आहे, परीक्षेपुरती बरी. मी मात्र हा धडा शिनोळीच्या रस्त्यावर शिकलो. बेळगावकडून जाताना बाची ओलांडलं की महाराष्ट्र, शिनोळी तिथंच. दोन फिटर धर, पगार 20,000, राहायला एकाच गल्लीत. एक इकडं कर्नाटकात मच्छेत कामाला, दुसरा तिकडं शिनोळीत. शिनोळीवाल्याचा दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापतात, फेब्रुवारीत 300. मच्छेवाल्याचा काहीच नाही, कारण कर्नाटकात 25,000 च्या आत तो कर लागत नाही. शिनोळीत त्याच पगारावर बाई असती, तर तिचाही कापला नसता. संध्याकाळी कट्ट्यावर दोघं स्लिपा ताडून बघतात आणि शिव्या खातो एचआरवाला. मालक एक असला, भाषा एक असली, तरी काम कुठल्या हद्दीत चालतं हे कायदा आधी बघतो. (1 नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीबद्दल आपल्याकडं किती जपून बोलावं लागतं, ते तुला सांगायला नको.)

हे कळत असूनही मी एकदा आपटलो. तेव्हा पुण्यात होतो, जर्मनीतल्या युनिटचं कामही माझ्याकडं होतं. तिथल्या एकाला काढायचं ठरलं. मी इथल्या सवयीनं पत्र तयार केलं, वरून सही घेतली आणि पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅनेजरचा फोन: "बेट्रीब्सराटला विचारलं होतं?" हे कामगारांनी निवडून दिलेलं मंडळ. आपल्याकडच्या युनियनसारखं गेटबाहेर उभं नसतं, कारखान्याच्या आतच बसतं. तिथल्या कायद्याच्या कलम 102 नुसार प्रत्येक बडतर्फीआधी त्यांचं म्हणणं ऐकावंच लागतं, नाहीतर बडतर्फीच रद्दबातल. साध्या बडतर्फीत हरकत घ्यायला त्यांना एक आठवडा असतो. मी एक तासही दिला नव्हता. पत्र मागं घेतलं, वकिलाची फी भरली, आणि तो माणूस पुन्हा त्याच खुर्चीत बसला. त्यानंतर दुसऱ्या देशात पत्र पाठवायच्या आधी मी तिथल्या माणसाला एकच प्रश्न विचारायचो: हे कुणाला विचारल्याशिवाय करता येत नाही?

तुमच्याकडं ट्रेनिंगला परदेशी साहेब येतील. मोल्डिंगवरच्या आपल्या पोरांना तो विचारेल, "समजलं?" सगळी म्हणणार, "होय सर." त्यातल्या अर्ध्यांचं "होय" म्हणजे "ऐकलं", एवढंच. आणि कुणी "बघू की" म्हणाला तर ते नाहीच, हे तुला कळतं, साहेबाला कळत नाही. तो वहीत बरोबरची खूण करून मोकळा होतो. तू मध्ये पडून सांग, "आता तू करून दाखव." मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही तुला येतात, त्याचा खरा उपयोग इथं आहे. भाषांतर काय, मोबाइलही करतो.

आपली माणसं तिकडं पाठवताना भविष्य निधी कार्यालयातून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे माणसाची वर्गणी इथंच भरली जाते याचा दाखला, काढायला विसरू नकोस. जर्मनीशी आपला सामाजिक सुरक्षेचा करार आहे. तो कागद नसला तर तिकडच्या विम्याचीही कपात मागं लागते. तिकीट-व्हिसा एजंट बघेल.

खरी गोची माणूस परत आल्यावर होते. खानापूरचा एक टूलरूमवाला वर्षभर तिकडं राहून, नवं मशीन शिकून आला, आणि आम्ही त्याला जुन्याच लेथवर उभं केलं. ते मशीन इथं यायला अजून अवकाश होता. त्यानं थोडे महिने वाट बघितली, मग राजीनामा टेबलावर ठेवला. मी अडवायला गेलो, तर म्हणाला, "साहेब, मला पाठवलंच कशाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. म्हणून परत आल्यावर काम काय देणार, ते जायच्या आधीच साहेबाकडून लिहून घे.

रविवारी सकाळी ये. तुझी आई म्हणत होती, पुढच्या महिन्यात दोघांना पाठवताय. त्यांच्या डेप्युटेशन लेटरचा, म्हणजे तिकडं पाठवणीच्या पत्राचा, मसुदा घेऊन ये. परतीचं कलम त्यात आहे का ते आधी बघू, मग चहा.

तुझे,
शेजारचे काका